मे महिन्याचं ऊन फुकट आहे, ते वापरा

एप्रिल अर्धा सरला की सोसायटीच्या फलकावर शिबिरांचे कागद लागायला लागतात. शिबिरांबद्दल तक्रार नाही. पण शिबिर दहा दिवसांचं आणि सुट्टी सहा आठवड्यांची, विदर्भात त्याहून थोडी जास्तच. उरलेल्या दिवसांत पैसे जातात ते बहुतेक अकरा ते पाच या वेळात. बाहेर ऊन, घरात कंटाळा, मग एसी असलेली कुठलीतरी जागा शोधायची आणि तिथे आत शिरायचे, खेळायचे, खायचे असे तीनदा पैसे मोजायचे. त्यापेक्षा दिवसच उन्हाप्रमाणे बसवला तर खर्च आपोआप उतरतो. सहा ते साडेनऊ बाहेर, अकरा ते साडेचार घरात, रात्री गच्चीवर. दुपारी बाहेर पडायचं ते फक्त उन्हाचंच काही काम असेल तर.

कागदाच्या होड्या आणि बाटलीच्या कुंड्या जुलैतही होतात. खाली फक्त त्या गोष्टी आहेत ज्या मे महिन्यातच होतात किंवा मे महिन्यात सगळ्यात चांगल्या होतात.

शून्य सावली

महाराष्ट्रात सूर्य वर्षातून दोनदा अगदी डोक्यावर येतो आणि क्षणभर उभ्या वस्तूची सावलीच पडत नाही. दुसऱ्यांदा येतो तेव्हा जुलै किंवा ऑगस्टची सुरुवात असते आणि आभाळ भरलेलं असतं, म्हणून खरी संधी मे महिन्यातलीच. दिल्लीच्या मुलांना हे कधीच दिसत नाही, कारण कर्कवृत्ताच्या उत्तरेला सूर्य डोक्यावर येतच नाही.

तारखा दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकतात. पणजी २–३ मे, कोल्हापूर ६–७ मे, रत्नागिरी ७–८ मे, सोलापूर १० मे, पुणे १३–१४ मे, मुंबई १५–१६ मे, छत्रपती संभाजीनगर १९–२० मे, नाशिक २० मे, अमरावती २५ मे, नागपूर २६ मे. एक दिवस मागेपुढे झाला तरी बिघडत नाही. सूर्य या दिवसांत रोज सुमारे पाव अंश उत्तरेला सरकतो. म्हणजे एक मीटर उंच काठीची सावली एका दिवसाच्या फरकाने चार-साडेचार मिलिमीटर पडते, तीही कडेला पुसट.

वेळ मात्र पक्की हवी, आणि ती बाराची नाही. मुंबईत १२:३५, पुण्यात आणि नाशकात १२:३१, कोल्हापुरात १२:३०, संभाजीनगरात १२:२५, सोलापुरात १२:२३, नागपुरात १२:१०. आपली घड्याळं ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेली आहेत. तिथून पश्चिमेला दर अंशामागे सूर्य चार मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. मुलांना हे हिशेबाने काढायला लावा. मुंबईचा रेखांश ७२.९ धरला तर ३८ मिनिटं उशीर येतो. मे महिन्यात सूर्य स्वतः साडेतीन-पावणेचार मिनिटं पुढे असतो, तेवढी वजा केली की १२:३५ जुळतं.

सामान म्हणजे प्लंबिंगच्या पाइपचा एक फूटभर तुकडा, दोन्ही टोकं सरळ कापलेली, एक दोरा, दोऱ्याला बांधायला नटबोल्ट, पाटीएवढी फळी आणि खडू. प्लंबर कापून उरलेला तुकडा असाच देतो. फसगत होते ती दोन ठिकाणी. पहिली, गच्ची सपाट नसते. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून तिला उतार दिलेला असतो, आणि डोळ्याला तो दिसत नाही. म्हणून फळी ठेवून तिच्यावर पाण्याने काठोकाठ भरलेलं ताट ठेवा, पाणी एका बाजूने सांडत असेल तर त्या बाजूला कागदाच्या घड्या घाला. मग पाइप उभा करून शेजारी ओळंबा (नटबोल्ट बांधलेला दोरा) धरा, आधी एका बाजूने, मग काटकोनात दुसऱ्या बाजूने. पाइप एक अंशाने कलला तरी फूटभर उंचीला पाच मिलिमीटर सावली पडते आणि मुलं म्हणतात, ‘काही खरं नाही यात.’ दुसरी फसगत स्टीलच्या पेल्याची. पेला उपडा ठेवला की वरचा भाग निमुळता होतो. त्याची सावली त्याच्या स्वतःच्या बुडाखाली लपते आणि दहा मिनिटं आधीच ‘झाली शून्य!’ असा गलका होतो. उभ्या सरळ बाजूंचीच वस्तू घ्या.

पावणेबाराला सुरुवात करून दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडूने खूण करायची. शेवटची पाच मिनिटं दर मिनिटाला, कारण सूर्य चार मिनिटांत एक अंश सरकतो. खरी शून्य सावली दोन-तीन मिनिटंच टिकते. त्या क्षणी पाइपच्या वरून फळीवर पडलेला उजेडाचा पूर्ण गोल दिसतो, पाइपच्या कडेची सावली कुठेच नाही. त्या आधी तो गोल एका बाजूने खाल्लेला असतो. मुलांना सावली नसण्यापेक्षा हा गोल पूर्ण होताना पाहायला जास्त आवडतो. सगळ्या खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. ती पुसू नका, रात्री उपयोगी पडेल.

सूर्याकडे वर पाहायचं नाही, पाइपमधून तर अजिबात नाही. पायात चपला हव्यात, टोप्या हव्यात, आणि काम बारा चाळीसला संपवून खाली यायचं.

आठवड्याने हाच प्रयोग परत करा. आता माध्यान्हीची सावली उत्तरेऐवजी दक्षिणेला पडते. सूर्य दुसऱ्यांदा डोक्यावर येईपर्यंत ती तशीच पडत राहते, हे मोठ्यांनाही सहसा माहीत नसतं.

वाळवण, पण मुलांना जमेल तेवढंच

कुरडयांच्या नादी सुरुवातीला लागू नका. गहू तीन दिवस भिजवायचे, चीक काढायचा, तो घोटायचा, आणि मुलांच्या वाट्याला येतं ते फक्त ‘हात लावू नकोस’. साबुदाण्याच्या पापड्या हे मुलांचं वाळवण.

एक वाटी साबुदाणा दोन पाण्यांत धुऊन सव्वा वाटी पाण्यात रात्रभर भिजत ठेवा. सकाळी सहाला जाड बुडाच्या पातेल्यात चार वाट्या पाणी उकळा, त्यात पाऊण चहाचा चमचा मीठ आणि चमचाभर जिरं घाला, मग साबुदाणा घाला आणि मंद आचेवर ढवळत राहा. पंधरा-वीस मिनिटांत दाणे काचेसारखे पारदर्शक होतात. दाण्याच्या मधोमध पांढरा ठिपका दिसत असेल तर अजून शिजवायचं. तो ठिपका राहिला की तळताना पापडी फुलत नाही आणि दाताखाली कचकच येते. मीठ चवीला कमी लागलं पाहिजे. पाणी उडून गेल्यावर तेच मीठ पुरेसं होतं, आणि चवीला बरोबर घातलेलं मीठ वाळल्यावर खारट लागतं.

दहा मिनिटं निवू द्या. इथपर्यंत मोठ्यांचं काम. पुढे मुलांनी डावाने घालायच्या, एका पापडीला एक मोठा चमचा, जाड प्लास्टिकच्या कागदावर. कागदाला तेलाचा अगदी पुसट हात लावा, जास्त लावलं तर पापड्यांना महिन्याभरात खवट वास येतो. मिश्रण पसरून हाताएवढं झालं तर पातळ आहे, अशी पापडी उचलताना फाटते. पातेलं पाच मिनिटं परत चुलीवर ठेवा. चमच्यावरून गोळा पडत असेल तर अर्धी वाटी उकळतं पाणी घाला, गार नको. एका वाटीत पन्नासेक पापड्या होतात.

सात-साडेसातपर्यंत सगळ्या घालून झाल्या पाहिजेत. वर जुन्या ओढणीचं किंवा वॉइलच्या साडीचं पांघरूण घाला आणि कडांना दगड ठेवा. संध्याकाळी पापड्या कडेने सुटायला लागतात, तेव्हा सोडवून उलटायच्या. ओढून काढल्या तर मधोमध तुटतात, तेव्हा ज्या सुटत नाहीत त्या दुसऱ्या दिवसावर ठेवा. दोन कडक दिवस लागतात. मोडल्यावर कट्‌ आवाज आला की डब्यात, वाकली तर अजून एक ऊन. कोल्हापूर, सांगली, सातारा भागात मे महिन्याच्या उत्तरार्धात दुपारनंतर वळीव कधीही येतो. तिथे हे काम पहिल्या पंधरवड्यातच उरकलेलं बरं. मुंबई-कोकणात हवा दमट असल्याने एक दिवस जास्त धरा.

दुपार: चिंचोक्यांचा पट

चल्लसआठ, अष्टाचंग, पट, नुसतंच ‘कवड्या’, गावागणिक नाव वेगळं आणि नियमही थोडे वेगळे. बाजारातल्या कुठल्याही सापशिडीपेक्षा हा खेळ सरस, कारण यात नशिबाबरोबर डोकंही लागतं आणि आजीला तो येतो.

कवड्या नसतील तर चार मोठे चिंचोके घ्या. तव्यावर किंचित भाजले की कडेवर हलका ठोका मारून त्यांचे दोन भाग होतात. न भाजता खरखरीत फरशीवर घासले तरी चालतं, वेळ लागतो एवढंच. घासलेला चिंचोका चांगला तापतो आणि तो भावाच्या दंडाला लावण्याचा मोह आवरत नाही, तेव्हा लक्ष ठेवा. एक बाजू पांढरी, एक तपकिरी अशी चार दलं तयार झाली की फासे झाले.

पाच बाय पाच घरांचा चौकोन खडूने आखा. चारही बाजूंच्या मधल्या घरांत आणि मधोमधच्या घरात फुली. फुलीच्या घरात कुणी मारत नाही. प्रत्येकाच्या चार सोंगट्या आपल्या बाजूच्या फुलीतून निघतात, बाहेरच्या सोळा घरांतून घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, स्वतःच्या फुलीच्या आधीच्या घरातून आतल्या आठ घरांत शिरून सुलट फिरतात आणि मधल्या घरात पोचतात. जेवढे पांढरे वर तेवढी घरं, चारही पांढरे पडले तर चार, चारही तपकिरी पडले तर आठ. चार किंवा आठ पडले, किंवा दुसऱ्याची सोंगटी मारली, की परत डाव. एकही सोंगटी मारलेली नसेल तर आतल्या घरांत प्रवेश नाही. हा शेवटचा नियम गाळू नका. तो नसला की सगळे फुल्याफुल्यांवर बसून राहतात आणि खेळ मरतो. भांडणं टाळायची तर नियम आधी कागदावर लिहून भिंतीला लावा.

पाचवीच्या पुढची मुलं असतील तर एक दुपार फाशांचीच परीक्षा घ्या. चार दलं सारखी असतील तर सोळा डावांत सरासरी सहा वेळा दोन, चार वेळा एक, चार वेळा तीन, एकदा चार आणि एकदा आठ पडायला हवेत. ऐंशी डाव टाकून नोंद ठेवा. त्यात आठ हे दान पाचेक वेळा पडायला हवं. पंधरा-वीस वेळा पडलं तर चिंचोक्यांचा कल एका बाजूला आहे, परत घासा. शाळेत संभाव्यता शिकवली जाते तेव्हा हे फासे आठवतील.

किनाऱ्यावर असाल तर ओहोटी पाहा

मुलांना चौपाटीवर सगळेच नेतात, पण भरतीच्या वेळी आणि संध्याकाळच्या गर्दीत. खरी मजा खडकाळ किनाऱ्यावर सकाळच्या ओहोटीला. त्यासाठी कोळ्यांचा हिशेब वापरायचा, तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाचे पाऊण म्हणजे सहा, म्हणून भरती सहाच्या सुमारास. पौर्णिमा आणि अमावास्येला पंधराचे पाऊण, म्हणजे सव्वाअकरा. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. वद्य पक्षातही मोजणी प्रतिपदेपासूनच. प्रत्यक्षात अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतं, म्हणून निघण्याआधी भरती-ओहोटीचं तक्ता-ॲप पाहा आणि ओहोटीचा आकडा एक मीटरच्या खाली असलेला दिवस निवडा.

यातून एक सोयीची गोष्ट निघते. पौर्णिमा-अमावास्येला आणि पुढचे दोन-तीन दिवस पाणी सगळ्यात लांब जातं, आणि ते सकाळी सहा ते साडेसातच्या दरम्यान. म्हणजे खडक सगळ्यात उघडे आणि ऊन नाही. अष्टमीच्या आसपास गेलात तर पाणी जेमतेम मागे हटतं, ती खेप वाया.

ओहोटीच्या तासभर आधी पोचा आणि पाणी फिरल्यावर अर्ध्या तासात बाहेर या. भरती पाठीमागच्या खाचेतून आधी भरते आणि समोर पाहणाऱ्याला ते कळत नाही. पायात पकड असलेले जुने बूट हवेत, चपला नकोत. कालवांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात आणि हिरवट शेवाळ हमखास पाडतं. डबक्याशी उकिडवं बसून दोन मिनिटं न हलता पाहायचं. आधी काहीच दिसत नाही, मग एखादा शंख चालायला लागतो, कारण त्यात खेकडा राहतो. खडकाला चिकटलेला जेलीचा गोळा पाण्यात गेला की फुलासारखा उघडतो, ते समुद्रफूल. दगड उचलला तर होता तसाच परत ठेवायचा, खालची बाजू उन्हात राहिली तर तिथले जीव मरतात. शंकूच्या आकाराचा शंख आणि जेलीफिश यांना हात लावायचा नाही. शंख घरी आणायचे नाहीत. रिकामा वाटणारा शंख पुष्कळदा कुणाचं तरी घर असतं. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात समुद्र खवळायला लागतो, तेव्हा हे सगळं त्याआधी.

एक दिवस बाहेर: एसटी आणि लेणी

एसटीच्या सवलती एकत्र मांडल्या तर कुटुंबाचं तिकीट किती उतरतं ते पाहा. पाच वर्षांखाली मोफत, पाच ते बारा अर्धं. महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं. ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांना अर्धं, ७५ च्या पुढे मोफत. समजा पूर्ण तिकीट २०० रुपये. आजोबा ७६ वर्षांचे, आजी, आई, बाबा, नऊ वर्षांचा मुलगा, चार वर्षांची मुलगी. बाबांचे २००, आजी, आई, मुलगा प्रत्येकी १००, बाकी दोघे फुकट. सहा जण ५०० रुपयांत. मुलगी पाच ते बारामधली असली तर अर्ध्याचं पुन्हा अर्धं होत नाही. ज्येष्ठांचं ओळखपत्र मूळ ठेवा. महिलांची सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच चालते, पणजीच्या गाडीत पुढचं तिकीट पूर्ण लागतं.

जागा निवडायची तर मे महिन्यात गडांपेक्षा लेणी बरी. गड चढायचा असेल तर सहाला चढायला लागून दहाच्या आत खाली, माणशी दोन लिटर पाणी. लेण्यांत आत गेलं की दगडच गारवा देतो. पुरातत्त्व विभागाच्या स्मारकांना १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. कार्ला-भाजे येथे मोठ्यांना २५ रुपये. अजिंठा, वेरूळ, घारापुरीला ४०. अजिंठा आणि घारापुरी सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी.

भाजे लेणी मळवली स्टेशनवरून चालत जाता येतात, पुण्याहून लोणावळा लोकल तिथे थांबते. दुपारी लोकल कमी असतात, तेव्हा परतीची वेळ आधी पाहून ठेवा. मुलांना ‘बघा, किती सुंदर’ एवढंच सांगून भागत नाही, त्यांना काम द्यावं लागतं. शून्य सावलीचा ओळंबा खिशात टाका. भाज्याच्या चैत्यगृहात थोडं लांब उभं राहून तो डोळ्यासमोर धरला की खांब आत कललेले दिसतात. लाकडी बांधकामात छताचा भार पेलायला खांब तिरके ठोकत, कारागिरांनी तीच रीत दगडात उतरवली. वर छताला पाहा, दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी अजून आहेत. कार्ल्याला खांब मोजायला लावा. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा आणि स्तूपामागे सात साधे, एकूण ३७. पहिल्या मोजणीत बहुतेकांचे चुकतात, कारण स्तूपामागचे राहून जातात.

वाचणारी मुलं असतील आणि महाबळेश्वर-पाचगणीकडे जाणं होणारच असेल तर भिलारला अर्धा दिवस द्या. ४ मे २०१७ ला ते पुस्तकांचं गाव झालं. घराघरांत पुस्तकं ठेवली आहेत, वाचायला पैसे लागत नाहीत.

रात्री गच्चीवर

अमावास्येचा आठवडा निवडा. दुपारच्या पूर्व-पश्चिम रेषेला काटकोनात रेघ मारली की खरी दक्षिण मिळते. मे महिन्याच्या मध्याला साडेनऊच्या सुमारास त्या दिशेला क्षितिजालगत पतंगाच्या आकाराचे चार तारे दिसतात, तो त्रिशंकू. महिन्याच्या सुरुवातीला साडेदहाला, अखेरीस साडेआठला. हात लांब करून धरलेली मूठ सुमारे दहा अंश झाकते. पुण्याहून त्रिशंकूचा खालचा तारा क्षितिजापासून एक मुठीपेक्षा थोडा कमी आणि वरचा दीड मूठ उंच असतो, नागपूरहून आणखी खाली. म्हणून दक्षिणेला इमारत नसलेली गच्ची लागते. त्याच्या डावीकडचे दोन ठळक तारे म्हणजे मित्र आणि मित्रक.

मग पाठ फिरवा. उत्तरेला सप्तर्षी उंच असतात. शेपटीची कमान तशीच पुढे वाढवली की नारिंगी स्वाती लागते, आणखी वाढवली की पांढरी चित्रा. एवढं एका रात्रीला पुरे. जास्त नावं सांगितली तर एकही राहत नाही.

कोय

आंब्याच्या कोयी कचऱ्यात टाकण्याआधी चार बाजूला काढा. धुऊन एक दिवस सावलीत वाळवा, कडेने कात्रीने उघडून आतला गर, म्हणजे खरं बी, काढा (हे मोठ्यांनी). आत काळी भुकटी किंवा भोक दिसलं तर कोयकिडा आहे, फेकून द्या. चांगला गर वापरलेल्या दुधाच्या किंवा तेलाच्या पिशवीत, तळाला चार भोकं पाडून, निम्मी माती आणि निम्मं कुजलेलं शेणखत घालून लावा, फुगीर कड वर ठेवून, एक-दीड इंच खोल. गर ताजा हवा. महिनाभर ठेवलेली कोय बहुधा उगवत नाही. पाणी रोज थोडं, सकाळी. दोन-तीन आठवड्यांत तांबूस पानं येतात. हापूसच्या कोयीतून हापूसच येईल असं नाही हे मुलांना आधीच सांगा, आणि फळाला सहा-आठ वर्षं लागतील हेही. जागा नसेल तर रोप गावी किंवा शाळेत द्या, पण पहिला दमदार पाऊस होऊन माती खोलवर भिजल्यानंतरच जमिनीत लावा. दोन सरी पडल्या की घाईने लावलेली रोपं पुढच्या उघडिपीत वाळून जातात.